कुकरच्या तालावर सिगारा टेकडी

सिगारा टेकडीवर एकवेळ घरात पाणी नसलं तरी चालतं, पण रविवारी दुपारच्या नाचात माइकवरून आपलं नाव यायला हवं. रीतच आहे तशी. गाणं ऐन रंगात आलं की डीजे ओरडतो, "वरच्या गल्लीतल्या न्हाव्याला सलाम! पायरीवरच्या जुळ्यांना सलाम!" ज्याचं नाव येतं तो आठवडाभर छाती काढून हिंडतो.

ओझेनिल्दाचं नाव चाळीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं. समोरच्या गिल्सिमाराचं तीनदा आलं होतं. त्यातलं एक तर नुसती तिची मांजर हरवली म्हणून.

बरं, ओझेनिल्दा काही उपरी नव्हती. या नाचातलं हे फंक संगीत रांगत होतं तेव्हापासून ती एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या भिंतीपुढे नाचलेली. तेव्हा तबकड्या मायामीहून विमानानं यायच्या. शब्द कुणाला कळायचे नाहीत, मग पोरं त्याच ठेक्यावर आपल्या घरच्या शिव्या बसवायची. पुढं कुणीतरी त्यात देव अंगात आणायचे ढोल घुसवले. मग पोरं नुसत्या तोंडानंच ठेका धरायला लागली. आणि आता म्हणे मिनिटाला दीडशे ठोके! ओझेनिल्दाच्या गुडघ्यांनी एकशेतीसलाच हात टेकले होते.

गुडघे गेले, पण कुकर होता. तिच्या काळ्या घेवड्याचा वास आला की खालच्या रस्त्यावरच्या बसचा ड्रायव्हर गाडी थांबवायचा. एकदा डीजे क्लेयतों तिच्याकडे जेवायला आला. हा तिशीतला बाप्या, केस पिवळेजर्द रंगवलेले. त्यानं दोन ताटं चापली आणि गुपचूप कुकरचा आवाज फोनमध्ये भरून नेला. इथले कुकर थांबून थांबून शिट्टी देत नाहीत, डोक्यावरचं वजन डुलत राहतं, चिक्-चिका-चिक्, चिक्-चिका-चिक्.

पुढच्या रविवारी तोच आवाज भिंतीतून निघाला आणि टेकडीवर गोंधळ उडाला. घराघरांतल्या बायकांना वाटलं आपलाच कुकर बोलला, सगळ्यांनी गॅस बारीक केला. सलग तीन रविवार अख्ख्या टेकडीनं दगडासारखा घेवडा खाल्ला. न्हाव्याचे दोन दात पडले. काही जण चार म्हणतात, पण उगाच वाढवून कशाला सांगायचं?

गाणं गाजलं. सलाम न्हाव्याच्या दातांना गेला, ओझेनिल्दाला नाही.

मग दीडशे ठोक्यांची साथ पसरली. क्लेयतोंनं जुना आवाज पळवून पाहिला, तर कुकर आजारी बदकासारखा बोलायला लागला. आला मुकाट्यानं दारात.

"मावशी, जरा मोठ्या आचेवर लावा ना कुकर. पुन्हा भरून घेतो."

"भरून-बिरून काही नाही. रविवारी कुकरच आणते तुझ्या भिंतीपाशी. आणि माइकवर माझं नाव घ्यायचं."

"घेतलंच समजा!"

रविवारी शेगडी, सिलिंडर, कुकर, सगळी वरात भिंतीपाशी आली. झाकणाशेजारी माइक बांधला. कुकर बोलायला लागला, क्लेयतों बटणांच्या पेटीवर बोटांनी ढोल वाजवत त्याच्या मागं धावायला लागला. पोरींचे पाय जमिनीला टेकेनात.

आणि क्लेयतोंनं सलाम सुरू केले. न्हावी झाला. जुळे झाले. गिल्सिमाराची मांजर झाली.

आपलं नाव येईना तसा ओझेनिल्दानं गॅस मोठा केला.

एकशेसाठ. एकशेऐंशी. चपला हवेत उडाल्या. छपरांवरच्या निळ्या टाक्या ढोलासारख्या घुमल्या. एक कोंबडी उभ्या उभ्या तीन अंडी घालून मोकळी झाली. क्लेयतोंची बोटं दिसेनात, नुसता धूर! थांबायची सोय नव्हती. मधेच ठेका तोडणाऱ्या डीजेला टेकडी पुन्हा भिंतीपाशी उभं करत नाही.

"मावशी, बारीक करा!"

"कोणती मावशी? इथं पन्नास आहेत. नावानं हाक मार, माइकवर."

क्लेयतोंची पंचाईत झाली. जन्मापासून तिच्या हातचं खाल्लं, पण सगळी टेकडी तिला घेवडेवाली मावशी म्हणायची. नाव कुणाला ठाऊक?

"घेवडेवाली मावशी!" तो ओरडला.

"ते माझ्या कुकरचं नाव," म्हणत तिनं आच आणखी वाढवली.

"मारिया? लुर्देस? अहो, सांगा ना कुणीतरी!"

गर्दी एकमेकांकडे बघत नाचत होती. शेवटी गिल्सिमाराच्याच गुडघ्यांनी दगा दिला. पडता पडता ती किंचाळली, "ओझेनिल्दा रे मेल्या, ओझेनिल्दा! शाळेपासून ओळखते मी या सटवीला!"

"ओझेनिल्दाला सलाम!" क्लेयतोंनं माइकवर बोंब ठोकली. टेकडी दणाणली.

ओझेनिल्दाचे डोळे भरून आले. पण हात गॅसकडे जाईना.

"आता काय?" तो रडकुंडीला आला.

"आडनाव कोण घेणार?"

गिल्सिमारा बसल्या जागेवरून एक एक शब्द फेकत गेली, क्लेयतों तो झेलत गेला. "ओझेनिल्दा... आपारेसिदा... दास दोरेस... किंतानिल्या!" तेव्हा कुठं तिनं गॅस बंद केला. माणसं धपाधप आडवी झाली.

झाकण उघडलं. आत घेवडा नव्हताच, नुसता काळा चिखल. तरी सगळ्यांनी रांग लावून खाल्ला.

"खिमट केलंस," गिल्सिमारा ताट चाटत म्हणाली.

"खा गुमान. आणि पुन्हा एकदा म्हण गं ते."

"काय?"

"नाव. सगळं."