आठव्या वर्षी आलेला बहर

शिडीच्या सातव्या पायरीवरून एलीकुट्टीनं हात लांबवून जायफळाचं फूल खुडलं. इवलंसं, पिवळसर, मेणातून कोरल्यासारखं. खाली तिच्या नवऱ्यानं, कुरियाच्चननं, कुबडी काखेत दाबून दोन्ही हातांनी शिडी धरली होती.

"उघड ना," तो म्हणाला.

"थांबा हो. आधी नीट उभी राहू दे."

"आठ वर्षं थांबलो, आता अजून थांबायला सांग."

बी पेरून वाढवलेलं जायफळ नर की मादी, हे फुलल्याशिवाय कळत नाही. मादी असेल तर फुलाच्या पोटात हिरवा मणी असतो, त्याचंच फळ होतं. नर असेल तर नुसताच बारीक दांडा. आठ दिवसांपूर्वी पहिली कळी दिसली, तेव्हापासून एलीकुट्टीचं कशातच लक्ष नव्हतं. काल तर भातात मीठ दोनदा पडलं.

आठ वर्षांपूर्वी दरड कोसळली, तेव्हा डोंगराच्या उतारावरची सगळी बाग एका सकाळीत दरीत गेली. सासऱ्यांनी लावलेली चाळीस झाडं. कुरियाच्चनला चिखलातून ओढून काढलं, पण उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला निरोप पाठवला तो हा, की चिखलात पडलेली जायफळं गोळा कर आणि आजच पेर, बी सुकलं की रुजत नाही. एलीकुट्टीला असा संताप आला होता. माणसाचा पाय गेलाय आणि ह्याला बिया सुचतायत. तरी रडत रडत तिनं पाच बिया पेरल्या. त्यातलं हे एक जगलं, स्वयंपाकघराच्या मागं उरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर.

"रोपवाटिकेतलं कलम आणा, पाच वर्षांत फळ," एलीकुट्टीला चेच्ची, म्हणजे थोरली ताई, म्हणणारा शेजारचा पैली तेव्हापासून सांगत होता. "बीच्या झाडाचा काय भरवसा? निम्मी नर निघतात."

कुरियाच्चन हसून सोडून द्यायचा. संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र रोज शेवटी झाडाचं नाव घ्यायचा. एलीकुट्टी 'आमेन' म्हणायची, पण अलीकडं ओठातल्या ओठात.

तिनं नखानं फूल चिरलं. मग दुसरं. मग पलीकडच्या फांदीवरचं तिसरं.

तिच्या पाठीवरूनच कुरियाच्चनला कळलं असावं.

"नर आहे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी कुरियाच्चननं प्रार्थनेच्या शेवटी झाडाबद्दल देवाचे आभार मानले. एलीकुट्टीनं जपमाळ खाली ठेवली.

"आभार कसले मानताय?"

"फुललं ना ते."

"तोडून टाकू. तिथं केळी तरी होतील."

"एवढा बहर उतरू दे, एली. मग तू म्हणशील तसं."

पुढचे काही आठवडे तिनं त्या झाडाकडं पाहायचंच सोडलं. वाऱ्यावर वास यायचा तेव्हा खिडकी लावून घ्यायची.

आणि एका सकाळी पैली धापा टाकत कुंपणातून आत घुसला. लुंगी गुडघ्याच्या वर, पायात चप्पल नाही.

"चेच्ची, चला. हातातलं ठेवा आणि चला."

"अरे, चुलीवर मासे आहेत."

"जळू देत मासे."

त्यानं तिला जवळजवळ ओढतच स्वतःच्या बागेत नेलं. मागून कुबडीची टकटक घाईघाईनं येत होती. पैलीनं एक फांदी वाकवून तिच्या डोळ्यांसमोर धरली. पानांच्या बगलेत वाटाण्याएवढी हिरवी फळं. पुढच्या फांदीला होती, पुढच्या झाडालाही.

"बारा कलमं लावली मी, सगळी मादी. दोन वर्षं फुलली आणि सगळा मोहोर गळून गेला. कुणाला बोललो नाही, तुमच्यापुढं मिरवलं होतं ना एवढं." पैली खाली बघत होता. "काल शेतकी खात्याचे साहेब आले होते. म्हणाले, नराचा पराग मिळाल्याशिवाय मादीला फळ धरत नाही, आसपास एखादं नर झाड फुललेलं दिसतंय. या अख्ख्या डोंगरावर आता नर झाड आहे कुठं? सगळ्यांनी तोडली. एक तुमचंच."

एलीकुट्टी एका झाडापासून दुसऱ्याकडं गेली, तिसऱ्याकडं गेली. बोटानं एकेक फळ हलकेच उचलून बघत होती, तान्ह्या बाळाची हनुवटी उचलावी तसं. आपण हसतोय हे तिला गाल दुखायला लागल्यावर कळलं. आठ वर्षांत ती अशी हसली नव्हती. फळं तर तिची नव्हतीही.

कुरियाच्चन पोहोचला तेव्हा तिनं त्याचा हात धरून फांदीला लावला. तो फळं चाचपत राहिला.

"माझ्या झाडाची काडी घेऊन तुमच्या एका फांदीवर कलम बांधून देतो," पैली म्हणाला. "तुम्हालाही फळं येतील. बाकीचं झाड मात्र नरच राहू द्या, नाहीतर माझी पंचाईत."

"किती वर्षं लागतील?" कुरियाच्चननं विचारलं, आणि चोरट्या नजरेनं बायकोकडं पाहिलं.

"तीन. कदाचित चार."

एलीकुट्टीनं पदरानं कपाळ पुसलं.

"दक्षिणेकडच्या फांदीवर बांध," ती पैलीला म्हणाली. "ती मला स्वयंपाकघरातून दिसते."