वहिनी इथंच राहतात

नवरा गेल्याला वर्ष व्हायच्या आत धाकट्या दिरानं टाचणीकाकूंना घराबाहेर काढलं, आणि तेही इतकं गोड बोलून की काकूंनी आपल्या हातानं बॅगा भरल्या.

"वहिनी, नळाचे पाइप पार सडलेत. भिंती फोडाव्या लागणार. धुळीनं तुमचा दमा उसळेल. दोनेक महिने लेकीकडे जाऊन या, घर नवंकोरं करून ताब्यात देतो तुमच्या."

काकू शिवणकाम करायच्या. काम करताना ओठांत टाचण्या धरायची सवय आणि जीभही त्याच जातीची, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलेलं. पण दिराला ती टाचणी कधी टोचली नव्हती. त्याच्या शाळेच्या सदऱ्यांपासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळं त्यांनीच शिवलं होतं. घराचे कागद एकट्या धाकट्याच्या नावावर होते, कारण काकूंच्या नवऱ्यानं 'भाऊ काय परका आहे का' म्हणत हसत हसत सही ठोकली होती.

दोन महिने सरले, हिवाळाही सरला. आधी फरशी मिळत नव्हती, मग गवंडी आजारी पडला, मग दीर फोनच उचलेनासा झाला. शेवटी काकू एका सकाळी न सांगता घरी गेल्या.

गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती, तिथं आता प्रवाशांच्या बॅगा ठेवायचं दुकान झालं होतं. बेकरीवाला उरलेले पत्रे टेम्पोत चढवत होता.

"काकू, मालकानं दुकानही काढून घेतलं आणि वरची राहती खोलीही," तो म्हणाला. "तसंही पाव विकू कोणाला? रोज नवी माणसं. दोन रात्री झोपतात आणि जातात. मागच्या आठवड्यात एक पाहुणी मलाच विचारत होती, इथली माणसं कुठं भेटतील म्हणून."

काकूंच्या दारावर आकडे दाबून उघडायचं कुलूप होतं. समोरच्या दारावरही तसंच. त्या तिथं उभ्या असतानाच दार उघडलं आणि फिरायला निघालेलं एक जोडपं बाहेर आलं. बाई हसऱ्या चेहऱ्याची होती. "घर बघायचंय का? या ना आत, फार छान सजवलंय."

काकूंच्या शिलाई मशीनवर शोभेच्या झाडाची कुंडी होती. वर भिंतीवर चौकटीत काकूंचाच फोटो होता, मान खाली घालून शिवतानाचा. त्याखालचा मजकूर बाईनं मोठ्यानं वाचून दाखवला. "या खोलीत आमच्या आजींनी आयुष्यभर शिवणकाम केलं. आज त्या नाहीत, पण त्यांची माया या घरात भरून राहिली आहे." मग तिनं विचारलं, "किती छान ना? तुम्ही ओळखायचात का त्यांना?"

"तोंडओळख होती," काकू म्हणाल्या.

त्या रडल्या नाहीत. लेकीकडे येऊन जेवल्या, भांडी घासली. लेक संतापून म्हणाली, "कोर्टात जाऊ या."

"कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मी खरंच 'आज त्या नाहीत' होईन," काकू म्हणाल्या. "थांब जरा. त्याला माझी गरज लागू दे."

ती लागली. गल्लोगल्ली घरं रिकामी व्हायला लागल्यावर लोकांनी ओरड केली, मोर्चे काढले, तेव्हा नगरपालिकेनं नियम आणला. अख्खं घर पाहुण्यांना द्यायचं नाही. घरचं माणूस जिथं राहतं, तिथलीच एखादी जादा खोली त्याच्या संमतीनं देता येईल. तपासनीस दारोदार फिरू लागले आणि दिराचा फोन आला.

"वहिनी, कशा आहात? किती दिवसांत बोलणंच नाही!" आवाजाला पाक सुटला होता. "एक छोटंसं काम होतं. आमचा पत्ता कागदोपत्री दुसरीकडचा आहे, म्हणून तुम्हीच हव्यात. एक दुपार घरी येऊन बसायचं. तपासनीस येतील, त्यांना म्हणायचं, मी इथंच राहते. लगेच गाडीनं परत सोडतो."

"येते की, भाऊजी. घरच्याच कामाला नाही म्हणायचं का? पण कपाट रिकामं दिसलं तर संशय येईल हो. माझे कपडे, औषधं, सगळं घेऊन येते."

"वहिनी, काय डोकं आहे तुमचं!" दीर खूश झाला.

लेकीनं दोन मोठ्या बॅगा वर चढवून दिल्या. दिरानं फोटो उतरवून कपाटामागे सरकवला होता, कुंडी गॅलरीत ठेवली होती. जाऊ सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसली होती.

तपासनीसबाई कडक होत्या. कपाट उघडून पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. मग काकूंसमोर बसल्या. "आजी, खरं सांगा. इथं तुम्ही राहता?"



"लग्न होऊन आले ती याच घरात," काकू म्हणाल्या. "दुसरीकडे कुठं जाणार मी?"

"वहिनी इथंच राहतात," दीर घाईनं म्हणाला. "आईसारख्या आहेत मला." आणि तसं लिहून खाली सहीसुद्धा केली.

बाई बाहेर पडल्या तशी त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. "चला वहिनी, सोडतो. संध्याकाळी पाहुणे यायचेत."

काकूंनी चहाचं आधण ठेवलं. "सोडता कुठं? मी इथंच राहते."

दीर हसला. मग काकू हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. "थट्टा पुरे, वहिनी."

"बाई अजून समोरच्या घरात आहेत. बोलावू? सांगते, मी राहत नाही म्हणून. मग तुमची सही खोटी ठरेल, दंड बसेल आणि दाराला सील लागेल. बोला भाऊजी, राहते की नाही मी?"

"घर आमचं आहे!" जाऊ कडाडली.

"आहेच की. आणि मी तुमच्या आईसारखी. आत्ताच कळलं मला."

दीर विनवण्या करून पाहू लागला, मग ओरडू लागला, मग त्याला तपासनीसबाई आठवल्या आणि त्यानं किल्ली परत खिशात टाकली. काकूंनी चहा एकटीपुरताच केला होता. तो त्यांनी चवीचवीनं प्याला. वर्षभर एवढा गोड चहा त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता.

संध्याकाळी पाहुणे आले ते चाकांच्या बॅगा ओढत. आई, बाप, दोन मुली. काकूंनी कपाटामागचा फोटो काढून पुन्हा जागेवर लावला होता, आणि दार त्यांनीच उघडलं. थोरल्या मुलीनं भिंतीवरचा मजकूर वाचला, काकूंकडे पाहिलं आणि आईचा हात घट्ट धरला.

"भिऊ नको गं," काकू म्हणाल्या. "मीच ती. या भाऊजींना जरा घाई झाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, दिराला समोर उभं ठेवून. त्याला जाता येईना, कारण दारात बॅगा होत्या. पाहुण्यांनी काकूंची माफी मागितली, पैसे परत घेतले आणि हॉटेलात गेले. जाताना बापानं काकूंचा फोटो काढला, त्याच चौकटीशेजारी उभ्या असतानाचा. त्यानं तो सगळ्या हकिकतीसकट इंटरनेटवर टाकला आणि हजारो लोकांनी पाहिला. दिरानं त्याच गल्लीत आणखी दोन घरं पाहुण्यांसाठी घेतली होती, तिथलीही बुकिंगं धडाधड रद्द झाली.

बेकरीवाल्याचा फोन आला, तेव्हा तो हसत होता. त्याच्या मालकानंही 'एक दुपार येऊन बस' म्हणून बोलावलं होतं आणि यानं शिव्या घालून फोन आपटला होता.

"अहो, आपटता कशाला?" काकू म्हणाल्या. "परत लावा. येतो म्हणा. अंथरूण-पांघरूण घेऊन जा."

लेकीला मात्र हे सगळं जड जात होतं. "आई, घर मिळालं. आता सोड ना राग. इमारतीत बोलायला तरी कोण आहे तुला?"

"कोणी नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून तर सोडत नाही."

पावसाळ्याच्या सुमारास दीर एकटाच आला. त्या दोन घरांच्या कर्जाचे हप्ते तुंबले होते, दाढी वाढली होती. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "चुकलं, वहिनी. मागची एक खोली तरी देऊ द्या पाहुण्यांना. नियमात बसतं. फक्त तुमची संमती हवी."

ओठांतल्या टाचण्या काकूंनी एकेक करून काढल्या, म्हणजे शब्द स्वच्छ ऐकू जावा. "नाही."

तो जिना उतरू लागला. समोरच्या घरात अजूनही चोरून पाहुणे ठेवत, त्यांचा घोळका खालून बॅगा आपटत वर येत होता. त्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं, एक बॅग पायावरूनही गेली. काकू कठड्याशी उभ्या राहून शेवटपर्यंत बघत होत्या.