पिकलच्या पायाखाली

कोरिन हॅस्किन्सला जनरेटर ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात हवा होता आणि ट्रेलर दुरुस्त करणारा ओडेल टॅकेट 'टपावरच' म्हणून अडून बसला होता. अर्धा तास झाला, दोघं ट्रेलरभोवती घिरट्या घालत होते. डंकन गावचं जुलैतलं ऊन. पत्र्याला हात टेकला तर चटका बसत होता.

"वर धूर अडत नाही, आवाज अडत नाही," ओडेल म्हणाला. "टपासारखी जागा नाही."

"आणि पेट्रोल ओतायला मी वर कशी जाऊ? माझा गुडघा बघितलाय का, मिस्टर ओडेल? एकदा चढले तर उतरवायला बंब बोलवावा लागेल."

"मग पुढं बसवू. गाडीला जोडतात त्या जोडाच्या वर."

"तिथंच आत माझी गादी आहे. तुम्ही झोपता का उशाशी इंजिन घेऊन?"

"चाळीस वर्षं झोपतोय."

"ऐकू येतंय मला!" ऑफिसच्या खिडकीतून नदीनचा, म्हणजे ओडेलच्या बायकोचा, आवाज आला.

कोरिन खळखळून हसली. चोपन्न वर्षांची बाई. पाच दिवस आडगावांतून टपाल वाटायची आणि शनिवार-रविवारी पिंपांभोवती वळसे घ्यायच्या शर्यतीत घोडी पळवायची, निम्म्या वयाच्या पोरींच्या बरोबरीनं. हा ट्रेलर म्हणजे तिचं दुसरं घर. पुढच्या अर्ध्यात बिछाना, शेगडी, न्हाणी. मागच्या अर्ध्यात तीन घोड्यांचे कप्पे आणि अगदी मागं खोगीर ठेवायची जागा. शर्यतीच्या मैदानावर वीज मिळाली तर मिळाली, नाहीतर रात्रभर उकडून निघायचं. म्हणून जनरेटर. आत्ताही ती शर्यतीलाच निघाली होती. पिकल ही तिची लाडकी घोडी आणि डीकन नावाचा म्हातारा घोडा, दोघांना उतरवून कुंपणाशी सावलीत बांधलं होतं.

"बरं बाई, मागं तर मागं," ओडेलनं हार मानली. "पण इंजिनाचं वजन आहे, वर त्याचे हादरे. तळ पेलेल का ते आधी बघू द्या. चटई उचलायला हात लावा."

रबराची ती चटई चांगलीच जड होती. दोघांनी मिळून ती मागच्या कप्प्यातून ओढून बाहेर काढली, तसा घोड्यांच्या मुताचा कुजका भपकारा नाकात शिरला. खाली ॲल्युमिनियमवर गंजाच्या पांढऱ्या भुकटीचा थर होता. ओडेलनं बोटानं ती झटकली आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज टेकवलं. जोर काही लावला नाही. टोक आत गेलं. मुठीपर्यंत गेलं.

त्यानं चाकं लावलेली फळी घेतली, उताणा झाला आणि ट्रेलरखाली सरकला.

टॉर्चच्या उजेडात त्यानं जे पाहिलं ते असं. तळाला पेलणारे आडवे बीम टोकांशी वाळवी लागल्यासारखे खाल्लेले होते. काही ठिकाणी नुसता पापुद्र्याएवढा धातू उरला होता. दोन बीमांना जुन्या पट्ट्यांची ठिगळं जोडलेली होती, आणि ती ठिगळं ज्याला धरून होती तोच धातू विरघळून गेला होता. पट्ट्या शाबूत, बीम नाही.

मग त्याची नजर सांध्यावर गेली. ओडेल डावखुरा. वेल्डिंगच्या सांध्यावर उमटणाऱ्या लाटा उजव्या हातानं काम करणाऱ्याच्या एका बाजूला कलतात, ओडेलच्या दुसऱ्या बाजूला. शिवाय सांधा संपवताना हात मागे घेऊन हुकासारखा छोटा आकडा काढायची त्याला खोड होती, बापाकडून आलेली. इथं चारही सांध्यांच्या शेवटी तो आकडा होता.

टॉर्च त्याच्या छातीवर पडली. त्यानं ती उचलून पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता.

आठवायला वेळ लागला नाही. नऊ वर्षांपूर्वी टेक्ससकडे निघालेला एक माणूस दुपारी आला होता, घाईत. तीन घोडे आत, संध्याकाळी स्पर्धा. ओडेलनं चटईचा एक कोपरा वर केला होता, एकच, आणि म्हणाला होता, "हे नुसतं घरी पोचेपर्यंत. पोचलास की सगळा तळ काढून टाक." माणूस "हो हो" म्हणाला आणि गेला. ओडेलही विसरला. तेव्हा ट्रेलर लाल होता. पुढं कुणीतरी तो पांढरा रंगवून कोरिनला विकला होता.

"झोप लागली का काय?" बाहेरून कोरिन म्हणाली. तिला त्याचे फक्त बूट दिसत होते.

तो बाहेर आला तेव्हा उठून बसायलाही त्याला कष्ट पडले. "तळ गेलाय, मिस कोरिन."

"गेलाय म्हणजे?"

"म्हणजे नाहीच आहे."

"काहीतरीच! आज सकाळी साठ मैल आलेय मी यातून." आणि तो हात पुढं करून थांबवायच्या आत ती कप्प्यात चढली आणि तिनं टाच आपटली. पत्रा दबला, करकरला आणि तिचा बूट घोट्यापर्यंत खाली गेला.

तिनं खाली पाहिलं. फाटीतून खालचं वाळलेलं गवत दिसत होतं.

ओडेलनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. खरचटलं होतं, फार काही नाही. पण ती पायाकडे बघतच नव्हती. "ही पिकलची जागा आहे," ती म्हणाली. "ती पाय आपटते. हायवेला लागलं की आपटतच असते. मी पुढून ओरडते तिच्यावर, गप्प उभी राहा म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "सत्तरच्या वेगानं, मिस्टर ओडेल. पाय खाली गेला असता तर मला कळलंसुद्धा नसतं. मी रेडिओ लावून चालवत राहिले असते."

ती वळली, दोन पावलं गेली आणि ट्रेलरच्या चाकाला धरून ओकली. नदीन पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. कोरिननं चूळ भरली, तोंड पुसलं आणि मग वाकून स्वतःच ट्रेलरखाली टॉर्च मारली.

"ही ठिगळं कुणी लावली?" तिनं विचारलं. "म्हणजे कुणीतरी हे बघितलं होतं. बघून वर ठिगळ मारलं आणि सोडून दिलं. तो मेला भेटला ना मला, तर उलटा टांगीन त्याला."

ओडेलनं नदीनकडे पाहिलं. टॉर्चच्या उजेडात नदीननंही ते सांधे पाहिले होते. चाळीस वर्षं ती त्याचं काम बघत आली होती, तिला सांगायची गरज नव्हती. तिनं मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत.

गप्प बसता आलं असतं. कोरिनला कधीच कळलं नसतं.

"मी लावली," ओडेल म्हणाला.

कोरिन हसली. थट्टाच वाटली तिला. मग तिचं हसू जागच्या जागी विरलं.

त्यानं सगळं सांगितलं: तो माणूस, ती घाई, चटईचा एकच कोपरा. "त्याला सांगितलं होतं मी," असंही म्हणाला, आणि ते कानावर पडताच त्याची त्यालाच लाज वाटली.

"मला नाही सांगितलंस," कोरिन म्हणाली. मिस्टर गळालं होतं, अहो-जाहोही. "पिकलला नाही सांगितलंस."

ती कुंपणाकडे गेली. घोडीचे चारही पाय तिनं एकेक करून वरपासून खुरापर्यंत चाचपले, काही झालेलं नसताना. पिकल तिच्या टोपीची कड चावत उभी होती. थोड्या वेळानं कोरिनची मैत्रीण दुसरा ट्रेलर घेऊन आली, घोडे चढले आणि त्या निघून गेल्या. कोरिननं वळूनही पाहिलं नाही.

ओडेल त्या दिवशी जेवला नाही. नदीननं बीन्स नि मक्याचा पाव पुढं ठेवला, तो तसाच राहिला.

"अशी किती केलीस?" तिनं विचारलं.

"घरी पोचेपर्यंतची? असतील पाच-सहा."

"नावं आठव."

चार आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो फोनला चिकटला. दोघांनी तळ कधीच बदलला होता, त्यातला एक तर "एवढ्यासाठी फोन केलास?" म्हणून हसला. तिसऱ्यानं ट्रेलर भंगारात दिला होता. चौथा होता लॉटन गावाजवळचा एक म्हातारा. तो म्हणाला, "नातीनं सकाळी त्यातच शिंगरू नेलंय. ठेव फोन, तिला गाठू दे मला." दुपारी त्याचा पुन्हा फोन आला: नात सुखरूप, शिंगरू सुखरूप, चटई उचलून बघितली तर हात आरपार. ओडेलनं फोन ठेवला, आणि नदीननं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

पाचव्या दिवशी कोरिन आली. टपालाच्या गाडीतूनच, खाकी हाफपँटवर.

"दुसरीकडे विचारून आले," ती म्हणाली. "पण तूच कर. तू जेवढा घाबरलायस तेवढा दुसरा कुणी घाबरलेला नाही."

रोज काम सुटलं की ती यायची आणि टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघायची. चौदापैकी अकरा बीम बदलावे लागले. ती फारसं बोलत नसे. एकदा मात्र त्याच्या सांध्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा आकडा कशाला? शोभेला?" आणि तो म्हणाला, "बापाची खोड." तेवढंच.

जनरेटरची जागा तिनंच ठरवली. "मागं नको. पिकलच्या अंगाशी आता काहीच हादरायला नको." तेव्हा तो पुढंच गेला, बाहेरच्या अंगाला, जोडाच्या वर; ओडेलनं त्याचं धुराडं टपाच्याही वर नेलं, गादीशेजारची खिडकी कायमची बंद केली आणि उशाशी विषारी धुराची सूचना देणारी घंटी लावली. तिच्या गुडघ्याला वर चढायची गरज उरली नाही.

काम संपलं त्या शनिवारी ती मैत्रिणीच्या ट्रेलरमधून पिकलला घेऊन आली. मागचं दार उघडलं आणि तिथंच थांबली. लगाम हातात, पाऊल पुढं पडेना.

"जमत नाहीये मला," ती म्हणाली.

"तिला राहू द्या. आधी मी," ओडेल म्हणाला. तो मागच्या कप्प्यात चढला आणि पिकल उभी राहायची तिथं उभा राहिला. "दार लावा नि चालवा. मातीच्या रस्त्यानं."

"वेडा झालास का? सदुसष्ट वर्षांचा माणूस!"

"लावा म्हणतो ना."

तिनं दार लावलं. ट्रेलर हलला. खिडक्यांच्या झापांतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या सोडल्या तर आत काही दिसत नव्हतं. वळण कधी येणार, खड्डा कधी येणार, काही कळत नव्हतं. गाडी खडबडीत रस्त्याला लागली तसा तो आडव्या दांड्याला धरून लटपटू लागला. त्यानं टाच आपटली. तळ घट्ट होता. पुन्हा आपटली. तळ घट्टच होता, तरी त्याच्या पायांना ते पटेना. एक मैलभर तो टाच आपटतच राहिला.

गाडी थांबली, दार उघडलं. तो घामानं निथळत होता, चेहरा पांढराफटक.

कोरिननं त्याला हात दिला. "उतरा, मिस्टर ओडेल," ती म्हणाली, "पायरी आहे, जपून."