पहिल्या बेसमागची धाव

व्हर्लिन स्ट्राउड चोवीस वर्षं एकाच कॉलेजच्या बेसबॉल संघाचा सहाय्यक कोच होता, आणि त्याला याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. मुख्य कोच गिल हॅनरॅटी हा त्यानेच एकेकाळी हेरून आणलेला पोरगा. आता दारावर पाटी गिलची असली तरी तो व्हर्लिनला ‘कोच’च म्हणायचा, आणि व्हर्लिन त्याला ‘पोरा’. दोन कॉलेजांनी व्हर्लिनला मुख्य कोचची जागा देऊ केली होती. दोन्ही वेळा त्याने आभार मानून नाही म्हणून कळवलं. मुख्य कोचला सामने जिंकावे लागतात, हरल्यावर पत्रकारांशी गोड बोलावं लागतं. आपल्याला नुसतं ट्रकमध्ये बसून गावोगावची पोरं बघत हिंडायला मिळतं आणि वर पगारही मिळतो, असा त्याचा हिशेब. त्याची बायको आर्डिथ म्हणायची की ज्याला सुख टोचत नाही असा अख्ख्या कॅन्ससमध्ये हा एकच माणूस.

पोरं हेरण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तेच आता त्याच्या मुळावर आलं होतं. व्हर्लिनने एखाद्या मैदानावर घडीची खुर्ची मांडली की दुसऱ्या सामन्याला तिथे आणखी तीन कॉलेजांच्या खुर्च्या लागत. त्यात रस्टी पेल हटकून असायचा. त्याच्या कॉलेजला नवंकोरं स्टेडियम होतं, संघाच्या प्रवासाला दोन बस होत्या. फक्त त्याला स्वतःची नजर नव्हती. व्हर्लिन कोणाकडे बघतो ते बघायचं आणि तोच पोरगा आपल्याकडे ओढायचा, एवढ्या भांडवलावर त्याचं बरं चाललं होतं.

त्या उन्हाळ्यात व्हर्लिनला एक कॅचर सापडला. ट्रेंट वासिंगर. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून पिचरचे चेंडू झेलणारा, अंगाने आडवा, बोलायला कमी. व्हर्लिनला तो इतका आवडला की पहिला सामना बघून परतताना तो ट्रकमध्ये एकटाच शीळ घालत आला. अडचण अशी, की एक ऑगस्ट उजाडेपर्यंत नियमाप्रमाणे कोणत्याच कॉलेजला त्या पोराशी एक शब्द बोलता येत नव्हता. तोवर पेलला वास लागता कामा नये.

मग त्याने एक शक्कल लढवली. पुढचे तिन्ही सामने तो कॅचरच्या बरोब्बर मागे, जाळीला लागून बसला आणि चेंडूचा वेग मोजणारी स्पीड गन थेट समोरून चेंडू फेकणाऱ्या, ट्रेंटच्याच संघातल्या पिचरवर रोखली. प्रत्येक चेंडूला गन उचलायची, आकडा बघायचा, भुवया उडवायच्या. एकदोनदा तर त्याने आकडा मुद्दाम पेलला दिसेल असा धरला. पिचर बरा होता, पण तेवढाच. पेल मात्र त्याचं नाव भराभर टिपून घेत होता, आणि व्हर्लिन सूर्यफुलाच्या बिया चघळत मनातल्या मनात हसत होता.

घरी येऊन त्याने ही मर्दुमकी आर्डिथला सांगितली. ती हसली नाही.

“आणि त्या कॅचरला कोण सांगणार?”

“एक तारखेला मी सांगेन की.”

“माझ्या वेळीही हेच केलं होतंस,” ती म्हणाली. “अख्खा नाच माझ्या बहिणीबरोबर नाचलास, कारण म्हणे मला कळू द्यायचं नव्हतं. मी थांबले म्हणून तुझं निभावलं. सगळे थांबत नाहीत, व्हर्लिन.”

एक ऑगस्टला सकाळी आठच्या ठोक्याला त्याने वासिंगरांकडे फोन लावला. ट्रेंटच्या आईने, रिनेबाईने उचलला. ती शाळेची बस चालवायची, आणि साठ पोरांना गप्प बसवणारा तो आवाज त्या सकाळी व्हर्लिनच्या वाट्याला आला. सगळ्या गावाने बघितलं होतं, ती म्हणाली, की तुम्ही तीन सामने पिचरवर गन रोखून बसलात आणि माझ्या मुलाकडे ढुंकूनही बघितलं नाहीत. पिचरने आज सकाळीच पेलला होकार दिला, म्हणून आता आमची आठवण झाली का? नेब्रास्काच्या एका कॉलेजने उजाडताच फोन करून ट्रेंटला विचारलं होतं आणि रविवारी तो त्यांना हो म्हणणार होता. उरलंसुरलं म्हणून कुणाकडे जायची त्याला गरज नव्हती.

व्हर्लिनने फोन ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवलं, आणि ज्यांच्या घरी ताक होतं त्यांना वाटलं हा शेजारच्यांकडे आलाय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल आज त्याच्याच दावणीला होता. पुढच्या वर्षी संघाला कॅचर नाही ही काळजी होतीच. पण त्याहून त्याला लागलं ते हे, की आपण सगळ्यात जास्त ज्याच्याकडे बघितलं त्या पोराला वाटतंय आपल्याला कोणी बघितलंच नाही.

त्याने पुन्हा फोन करून दहा मिनिटं मागितली. रिनेबाई म्हणाली, रस्ता सरकारी आहे, यायला मी कशी अडवणार. तीन तास ट्रक हाकून तो दुपारी त्यांच्या दारात पोचला.

स्वयंपाकघरात कोबी-खिमा भरलेले पाव, बीरॉक, नुकतेच भट्टीतून निघाले होते. घरभर वास सुटला होता. व्हर्लिनपुढे पाण्याचा पेला आला. पाव आला नाही. समोर ट्रेंट हाताची घडी घालून बसला होता, आणि त्याची आई ओट्याला टेकून उभी होती.

व्हर्लिनने आधी सगळं कबूल केलं. पेल, गन, नाटक, काही लपवलं नाही.

“हे तुम्ही आत्ताही रचून सांगू शकता,” रिनेबाई म्हणाली.

“हो, सांगू शकतो,” व्हर्लिन म्हणाला आणि खिशातून वही काढली. वेगाच्या आकड्यांचा रकाना रिकामाच होता. गनवर दिसलेला एकही आकडा त्याने लिहून घेतला नव्हता. बाकी पानं ट्रेंटची होती. त्यातलं शेवटच्या सामन्याचं पान त्याने वाचायला घेतलं.

“चेंडू जमिनीवरून गेला की तू मुखवटा फेकून पहिल्या बेसच्या मागे धावतोस. बेसवरच्या गड्याकडे टाकलेली फेक चुकली तर अडवायला. अंगावर सगळं चिलखत, वर ऊन हे असं. त्या दिवशी अकरा वेळा धावलास. फेक एकदाही चुकली नाही. चेंडू तुझ्याकडे एकदाही आला नाही.” त्याने चष्मा काढला. “अकराव्या धावेला बहुतेक पोरं चालत जातात बेटा, किंवा जातच नाहीत. मी चोवीस वर्षं दुसऱ्याच्या मागे असाच धावतोय. त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून मला तू हवायस. पिचर मला कधीच नको होता.”

ट्रेंटने हाताची घडी सोडली आणि वहीच्या पानावर बोट ठेवलं.

“बारा,” तो म्हणाला.

“काय?”

“अकरा नाही, कोच. बारा वेळा. सहाव्या डावात तुम्ही त्या पेलना गनवरचा आकडा दाखवत होतात, तेव्हा एकदा गेलो होतो.”

व्हर्लिनने पान पुन्हा बघितलं. त्या नाटकापायी त्याने पोराची एक धाव चुकवली होती, आणि पोराने ती आठवणीत ठेवली होती. म्हणजे हा मुखवट्याआडून सगळा वेळ त्याच्याचकडे बघत होता. व्हर्लिनने पेन काढलं, अकरावर काट मारली आणि बारा लिहिलं. त्याला बरं वाटत होतं.

“मी बाराच मोजल्या होत्या,” ओट्याजवळून रिनेबाई म्हणाली. “मला वाटायचं, हे मोजणारी मी एकटीच.”

तिने दोन गरम बीरॉक ताटलीत घातले, ताटली व्हर्लिनपुढे ठेवली आणि लेकाला सांगितलं की नेब्रास्कावाल्यांना रविवारपर्यंत ताटकळत ठेवणं बरं नव्हे, आत्ताच फोन करून नाही म्हणून सांगून टाक.