मनगटाखालचा टॉवेल

नागवेणी दारातच थबकली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि हातातली चप्पल तशीच हातात.

सकाळच्या वेळी ती या योगशाळेत कधी आलीच नव्हती. तिची बॅच संध्याकाळची, गल्लीतल्या बायका-पोरींची, आणि अकरा वर्षांत तिने ती नणंदेच्या बाळंतपणापायी फक्त एकदा बुडवली होती. सकाळची बॅच परदेशी लोकांची. आज ती आली होती मुलीसाठी. तेजस्विनी तेरा वर्षांची. दसऱ्याच्या मैदानावरच्या प्रात्यक्षिकात हातांवर तोलायची सगळी आसनं तीच करणार होती. आणि काल हाडांच्या डॉक्टरने तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं. वाढीच्या जागीच हाड दुखावलंय म्हणाला, रोजच्या भाराने. सहा आठवडे या हातावर जराही जोर द्यायचा नाही. त्यानंतर फोटो काढून बघू, हाड सरळ वाढतंय की वाकडं. वर त्याने विचारलंच, ‘हात टेकायचा कसा, हे हिला कुणी शिकवलं नाही का?’

त्यावर नागवेणी त्याच्या अंगावर धावून जायचीच बाकी होती. ‘आमचे मेष्ट्रू चाळीस वर्षं शिकवतायत डॉक्टर, त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही,’ असं तिने ठणकावलं होतं. योगशाळेचे मास्तर, सदाशिवय्या मेष्ट्रू, म्हणजे तिला देवाच्या खालोखाल. नवरा गेला तेव्हा तिला अंथरुणातून उठवून चटईवर आणलं ते त्यांनीच, आणि एक पैसाही घेतला नाही.

आणि आता हे असं दिसत होतं. सदुसष्ट वर्षांचे मेष्ट्रू गुडघे टेकून एका पिवळ्या केसांच्या बाईपाशी बसले होते आणि टॉवेलची घडी तिच्या तळहाताच्या मुळाखाली सरकवत होते. त्यांचं इंग्रजी नागवेणीला समजावं इतपतच होतं, त्यामुळे तिला सगळंच समजलं. बोटं पसर. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी दाब दे. तळहाताच्या मुळावर ओझं टाकू नकोस, मनगट तिथेच मरतं. आधी मनगटं फिरवून गरम कर. दुखलं तर थांब, मुठींवर कर, नाहीतर सरळ कोपरांवर टेक. मग स्वतःचा हात जमिनीवर ठेवून त्यांनी दाखवलंही, एकदा नाही, तीनदा. बाई मान डोलावत होती आणि मध्येच काहीबाही विचारत होती. मेष्ट्रू हसून उत्तर देत होते.

अकरा वर्षं, बाई, अकरा वर्षं! संध्याकाळी हेच मेष्ट्रू हात मागे बांधून चटयांमधून फिरायचे, ‘एकम्, द्वे, त्रीणि’ मोजायचे, आणि तीसजणी श्वासाखेरीज आवाज करायच्या नाहीत. टॉवेल तर सोडाच, मनगट हा शब्दसुद्धा तिने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. आपल्याच माणसांना उपाशी ठेवून पाहुण्यांना पंगत वाढावी, तसं तिला वाटलं. राग आला, आणि रागाच्या आधी रडू आलं.

बॅच सुटली तशी ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. पाया पडायचं राहूनच गेलं.

“काय गं नागवेणी, सकाळी सकाळी? घरी सगळं बरंय ना?”

“तो टॉवेल कशाला होता मेष्ट्रे?”

“तो होय?” त्यांना कौतुकच वाटलं. “मनगटाचा कोन कमी होतो त्याने. नवीन माणसाला बरं पडतं.”

“आम्हाला कधी दिला नाहीत.”

“तुम्हाला कशाला?” मेष्ट्रू हसले. “तुमची हाडं नाचणीचे गोळे खाऊन, धुणी पिळून पक्की झालेली. ह्या बायका जन्मभर खुर्चीत बसलेल्या.”

“तेजूचं हाड दुखावलंय. काल प्लास्टर घातलं. वाकडंच वाढेल की काय, ते डॉक्टरलाही सांगता येत नाहीये.”

मेष्ट्रूंचं हसू तोंडावरच राहिलं. भिंतीला हात लावून ते हळूहळू पायरीवर बसले.

“कधीपासून दुखत होतं?”

“आषाढापासून.”

“आषाढापासून?” त्यांचा आवाज चिरकला. “दोन महिने पोर माझ्यासमोर हातांवर उभी राहतेय, आणि मला आज कळतंय?”

“तुम्हाला दिसलं नाही?”

“दिसायला हवं होतं. चूक माझीच आहे, ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. पण नागवेणी, एक शब्द तरी बोलायचं. ही बाई चार दिवसांपूर्वी आली आणि माझा जीव खाल्ला तिने, इथे दुखतं, तिथे दुखतं, असं का आणि तसं का. तुम्ही तीसजणी, अकरा वर्षं, कुणी तोंड उघडलंत? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही गं.”

“मग असली आई काय कामाची?” नागवेणी फटकन बोलून गेली.

मेष्ट्रू मान खाली घालून होते. त्यांना वाटलं, हा टोला आपल्यालाच. पण नागवेणीला आषाढातला शुक्रवार आठवला होता. चामुंडीच्या टेकडीवरून दर्शन घेऊन मायलेकी घरी आल्या होत्या आणि ती पाटावर उदबत्त्या वळायला बसली होती. तेजू शेजारी येऊन मनगट चोळत म्हणाली, ‘अम्मा, मेष्ट्रूंना विचारू का, हात कसा ठेवायचा? इथे दुखतं.’ आणि हातातली काडी न थांबवता नागवेणी म्हणाली होती, ‘गुरूला असलं विचारायचं नसतं. त्यांना वाटेल आपण त्यांच्या शिकवण्यात खोट काढतोय. दसऱ्याला दुसरीला घेतील, मग बस रडत.’

एवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही. तिने पोरीचा हात धरून पाटावर दाबला होता. ‘हे बघ, इथे. तळहाताच्या मुळावर सगळा जोर द्यायचा, बोटं हलकी. वीस वर्षं मी अशाच हजार-हजार काड्या वळतेय, माझं मनगट मोडलं का?’ काडीचं वजन ते किती, आणि पोरीच्या अख्ख्या अंगाचं ते किती! पण आईने सांगितलं म्हणून पोर दोन महिने तशीच हात टेकत राहिली, शेजारच्याच चटईवर, आईच्या डोळ्यांदेखत.

“मी येतो संध्याकाळी तिच्याकडे,” मेष्ट्रू म्हणाले. “मला तिची माफी मागायचीय.”

“या,” नागवेणी कशीबशी म्हणाली. “पण आधी मला जाऊ द्या.”

ती घरी कशी पोचली, हे तिचं तिला ठाऊक नाही. तेजू डाव्या हाताने डोशाचा तुकडा तोडायची खटपट करत होती. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजून लाल झाली होती, आणि आईला पाहताच तिचा चेहरा उतरला.

“मेष्ट्रू रागावले का गं अम्मा?”

“नाही रागावले.”

“दसऱ्याला दुसरीला घेतील?”

नागवेणी तिच्यापुढे खाली बसली. डोशाचे तुकडे करून देता देता तिने विचारलं, “तेजू, खरं सांग हं मला. आत्ता दुखतंय का?”

पोरीने आधी आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग सुजलेली बोटं हळूच ओढणीखाली घेतली.

“नाही अम्मा,” ती म्हणाली. “अजिबात नाही.”