घार आज आली होती

लग्नानंतर निहारनं व्हाइटफील्डला फ्लॅट घेतला तेव्हा कुत्रा ‘थोडे दिवस’ म्हणून आईकडे ठेवला, आणि त्या थोड्या दिवसांना आता दोन वर्षं होत आली होती. कुत्र्याचं नाव फुटाणा. नावाप्रमाणेच एवढासा, तापट आणि कधी उडेल याचा नेम नाही. वीणाताईंच्या बसवनगुडीतल्या घरामागं ऐसपैस अंगण होतं, आणि निहारच्या सोसायटीत कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं तरी कमिटीची परवानगी लागायची. तेव्हा ही व्यवस्था सगळ्यांच्याच सोयीची ठरली. वीणाताईंची सोय कुणी विचारली नव्हती. त्यांची तक्रारही नव्हती, कारण फुटाणा घरात होता म्हणून निहारचा फोन यायचा.

फोन रविवारी यायचा, व्हिडिओ कॉल. ‘जेवलीस का’ झालं की पुढचं वाक्य ठरलेलं, फुटाण्याला दाखव ना. मग वीणाताई फोन फिरवून कुत्र्याच्या तोंडासमोर धरायच्या. तिकडून निहार आणि त्याची बायको सुखदा लाडेलाडे बोलायचे, फुटाणा फोनचा वास घ्यायचा, आणि वीणाताई हात अवघडेपर्यंत मागं उभ्या राहायच्या. लेकाचा आवाज त्यांच्या वाट्याला यायचा, चेहरा मात्र फुटाण्याला दिसायचा. हे त्यांना लागायचं. नवरा, विद्याधरराव, गेल्यापासून घरात बोलायला माणूस नव्हतं, आणि एकुलता एक मुलगा त्याच शहरात राहून परमुलखात गेल्यासारखा झाला होता. मधे फक्त ट्रॅफिक होता, पण बंगळुरात तेवढा पुरतो.

संक्रांतीच्या सुमाराला घार आली. शेजारच्या अनुसूयाक्कांच्या आवारातल्या सिल्व्हर ओकवर तिनं घरटं केलं होतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वीणाताई कपडे वाळत घालत होत्या, फुटाणा कढीपत्त्याच्या झाडापाशी ऊन खात पडला होता. अंगणावरून सावली सरकली आणि बघता बघता घार त्याच्या पाठीवर उतरली. वीणाताईंनी हातातला ओला पंचा भिरकावला. काय ओरडल्या ते त्यांनाही कळलं नाही. घार उडाली ती फुटाण्याच्या स्वेटरचा तुकडा घेऊन. त्याच्या पाठीवर ओरखडा राहिला.

त्यांनी ओरखड्याचा फोटो पाठवला. त्याच संध्याकाळी, कामाचा दिवस असून, निहार दारात उभा. फुटाण्याला कुशीत घेऊन तो बराच वेळ बसला, मग पिठलं-भात दोनदा मागून घेतला आणि रात्री आपल्या जुन्या खोलीत झोपला. सकाळी तो गेल्यावर वीणाताईंनी त्याची चादर घडी न घालता तशीच ठेवली. त्यांना त्या घारीचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

त्यानंतर अंगणाचा किल्ला झाला. विद्याधररावांच्या जुन्या सीडी दोऱ्यात ओवून आडव्यातिडव्या टांगल्या, चकाकल्या की पक्षी बिचकतात म्हणून. कढीपत्त्यावर हिरवी जाळी ताणली. निहारनं काट्यांचं जाकीट मागवलं. ते घालून फुटाणा अगदी साळिंदर दिसायचा आणि स्वतःच्याच पाठीला घाबरून गोल गोल फिरायचा. तो बाहेर गेला की वीणाताई त्याच्या डोक्यावर काळी छत्री धरून चालायच्या. अनुसूयाक्का गच्चीवरून हे बघून हसायच्या. डोकं पांढरं असलेली दुसरी घार दिसली की मात्र त्या गरुड म्हणून हात जोडायच्या, आणि खाली वीणाताई त्याच गरुडाला काठी दाखवायच्या.

आणि निहारचा फोन रोज येऊ लागला. आता पहिला प्रश्न कुत्र्याचा नसायचा. घार आली होती का आज, असं तो विचारायचा, आणि उत्तर आईलाच द्यावं लागायचं. वीणाताई सांगायच्या. कुठून आली, किती खाली उतरली, फुटाणा कसा जाळीखाली पळाला. निहार मधे मधे ‘मग?’ म्हणायचा. त्या एका ‘मग?’साठी त्या दिवसभर डोळ्यांत तेल घालून आभाळ बघायच्या.

उगादी, म्हणजे आपला पाडवा, झाली आणि घार दिसेनाशी झाली. एक दिवस, दोन दिवस, आभाळात कावळे तेवढे. संध्याकाळी फोन आला, निहारनं नेहमीचं विचारलं, आणि नाही म्हणायला उघडलेल्या तोंडातून ‘आली होती रे’ कसं बाहेर पडलं ते त्यांचं त्यांना समजलं नाही. जन्मभर ज्या बाईनं भाजीत मीठ जास्त पडलं तरी आधी सांगून टाकलं, ती आता दुपारी आडवी पडल्या पडल्या घारीचे पराक्रम जुळवू लागली. घार पाण्याच्या टाकीवर बसली. घारीनं खिडकीतली पोळी पळवली. घारीचं पोट त्यानं भरलं नसेल, वीणाताईंचं भरायचं.

शेवटी व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी निहार गंभीर आवाजात म्हणाला की आता धोका पत्करायला नको. कमिटीनं परवानगी दिली होती, बाल्कनीला जाळी होती, सुखदा घरूनच काम करत होती. शनिवारी येऊन तो फुटाण्याला घेऊन जाणार होता. वीणाताई ‘सरी, ठीक आहे’ म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर किती तरी वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

आपणच विणलेल्या जाळ्यात आपण अडकलो, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. खरं सांगावं तर कुत्रा राहील, पण आई खोटं बोलते हे लेकाला कळेल आणि रोजचा फोन परत रविवारवर जाईल. न सांगावं तर फुटाणा जाईल, आणि मग रविवारच्या फोनला तरी काय कारण उरणार. रोज सकाळी त्या छत्री न घेता अंगणात जाऊन वर बघायच्या. ये ग बाई एकदा, असं मनात म्हणायच्या. ज्या घारीला हाकलायला एवढा पसारा मांडला, तिचीच वाट बघत त्यांची मान दुखून आली.

शनिवारी निहार एकटाच आला, हातात कुत्रा न्यायची टोपली. चहा टाकते म्हणून वीणाताई आत वळल्या, पण तो थेट मागं गेला आणि पायरीवर बसून वर बघू लागला. त्याही पदराला हात पुसत त्याच्यामागं आल्या. आभाळ लख्ख होतं. फुटाणा काट्यांशिवाय, पोट उघडं टाकून, अंगणाच्या मधोमध उताणा पडला होता.

गच्चीवर कपडे काढायला आलेल्या अनुसूयाक्कांनी निहारला बघून विचारपूस केली, आणि मग त्या सीडी आता काढून टाकायला सांगितल्या, ऊन पडलं की स्वल्प डोळ्यांत चमकतात. पिल्लू उडून गेलं उगादीलाच, घरटं तेव्हापासून रिकामं आहे, हद्दू परत फिरकलीच नाही, असं त्या सहज बोलून खाली गेल्या. हद्दू म्हणजे घार, एवढं कन्नड निहारला लहानपणापासून येत होतं.

वीणाताईंनी दोरीवरचा पंचा काढला, घडी घातली, उलगडली, परत घातली.

“मी रोज विचारायचो म्हणून सांगायचीस?” निहारनं विचारलं.

“तू विचारावंस म्हणून,” त्या म्हणाल्या.

निहारनं मान खाली घातली. नंतर स्टूल आणून त्यानं एकेक करून सगळ्या सीडी उतरवल्या, चहा घेतला, फुटाण्याचं पोट खाजवलं आणि रिकामी टोपली घेऊन गेला. तो रागावला की त्याला वाईट वाटलं, हे त्याच्या पाठीवरून वीणाताईंना समजेना. फाटक लागल्याचा आवाज आल्यावरही त्या तिथंच उभ्या होत्या. कुत्रा तर राहिला होता, त्यामुळे त्यांना मोकळं रडताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी फोन वाजला. वीणाताईंनी तो घेतला आणि सवयीनं फिरवून फुटाण्यासमोर धरला. यापुढं एवढंच, हे त्यांनी रात्रीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

“फुटाणा दिसला,” फोनमधून निहारचा आवाज आला. “आता फोन तुझ्याकडे कर, आई.”

त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि फोन वळवला. निहारचा चेहरा त्यांना वाटला त्यापेक्षा दमलेला होता.

“आज घार नाही आली रे,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे. तू कशी आहेस, ते सांग.”

इतके महिने घारीच्या गोष्टी सांगणाऱ्या वीणाताईंना स्वतःचं सांगायला काही सुचेना. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि निहारनं फोन ठेवला नाही.