करंजवाडीत काय पिकतं

शाळेच्या पडवीत बाकं मांडून झाली, त्यांच्यावर लाडकीने घरून आणलेली धुवट लुगडी अंथरून झाली, दाराला आंब्याचे टहाळे बांधून झाले, आणि मग आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. बाकांवर ठेवायला काहीच नव्हतं. 'करंजवाडी तरुण शेतकरी मंडळ, भाजीपाला प्रदर्शन' अशी कमलाकांतने रंगवलेली पाटी वर टांगलेली होती आणि तिच्याखाली अख्ख्या प्रदर्शनात एक मुळासुद्धा नव्हता. पालघरहून प्रांतसाहेब जेवणवेळेच्या आत यायचे होते.

कमलाकांत म्हणाला, येतील लोक. तो मंडळाचा चिटणीस. मॅट्रिकला दोनदा बसून आलेला, त्यामुळे आशा न सोडण्याची त्याला सवय होती.

"कोण नाय यायचं," लाडकी म्हणाली. "काल घरोघर फिरले. सगले व्हय व्हय बोलले. एवढ्या गोडीत व्हय बोलले तवाच मी समजले."

लाडकी म्हणजे देवूकाकांची मुलगी. विशीतली. आई लहानपणीच वारली, तेव्हापासून रहाटाच्या बैलामागे चालत चालत मोठी झाली. सातवी पास झाली, पण पुढे वाडी कोण शिंपणार म्हणून घरीच राहिली. पहाटे भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसर स्टेशनावर जायची आणि तिथल्या परप्रांती गिऱ्हाइकांशी हिंदीत भांडून परत यायची. दिसायला चारचौघींसारखी. फक्त एखादी गोष्ट मनात धरली की ती सोडत नसे, आणि समोरच्यालाही सोडत नसे. प्रदर्शनाचं खूळ तिचंच होतं.

खूळ का निघालं ते सांगायला हवं. घिवलीच्या बाजूला समुद्रकाठी मोठं सरकारी काम निघालं होतं आणि स्टेशनापासून तिकडे नवा रस्ता जायचा होता. दिवाळीच्या सुमाराला मोजणीवाले आले. साखळ्या ओढल्या, झेंडे रोवले. त्यांच्यातल्या एका साहेबाने, अगदी चांगल्या मनाने, वाडीच्या कुडाबाहेर उभं राहून देवूकाकांना विचारलं, इथे काय पिकतं?

"काय नाय पिकत, सायेब," देवूकाका म्हणाले. "सगला कातल हाय."

आता हे वाचून कोणी देवूकाकांना वेडा म्हणेल. पण करंजवाडीत पीक चांगलं आहे असं आजवर कोणी तोंडाने म्हटलेलं नाही. केळीचा घड दोघांनी मिळून उचलावा लागला तरी 'हाय आपला, पोरांच्या खायपुरता' असंच म्हणायचं. वांग्याने झाड वाकलं तरी 'आल्यात दोन-चार, तीबी किडकी'. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. म्हणून प्रत्येक वाडीत बांबूवर चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं उलटं टांगलेलं, म्हणून कुडाला झावळ्या लावून आतलं दिसू द्यायचं नाही, आणि म्हणून वेलावरच्या कोवळ्या दुधीला कधी बोट दाखवायचं नाही, तो कुजतो. चुकून दाखवलं तर ते बोट लगेच चावायचं. लहानपणी आम्हा सगळ्यांच्या बोटांवर आमच्याच दातांचे वळ असत.

मोजणीवाले पुढच्या वाडीत गेले. तिथेही तेच उत्तर मिळालं. सगळ्या गावाने विनयाने, एकजुटीने सांगून टाकलं की इथे काही पिकत नाही. साहेबाने तसंच लिहून घेतलं. महिन्याभराने नकाशा आला, त्यात रस्ता सरळ वाड्यांमधून. देवूकाकांची वाडी तर अख्खी, विहिरीसकट. आम्ही मंडळातर्फे पालघरला गेलो, तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने शांतपणे सांगितलं, जमीन कातळाची आहे, पीक नाही, असं तुमच्याच लोकांचं म्हणणं आहे. राग धरायचा तर कोणावर धरायचा तेच कळेना. आमच्याच बापांनी आमच्या वाड्या तोंडाने पडीक करून टाकल्या होत्या.

त्याच खेपेला पालघरला तालुक्याचं शेतकी प्रदर्शन भरलेलं होतं. आम्ही हिरमुसून परत निघालो होतो, लाडकी मात्र आत शिरली. एकेका कोबीपुढे माणसं रांगेने उभी होती, बोटं दाखवत होती, कोणी तर टिचकी मारून बघत होतं, आणि कोबी काही कुजत नव्हता. ती तिथे बराच वेळ थांबली. परतताना म्हणाली की आपण अर्ज नाही करायचा, वाद नाही घालायचा. प्रदर्शन भरवायचं, ते आपल्याच गावात, आणि प्रांतसाहेबाला बोलवायचं. कमलाकांतने आमंत्रण लिहिलं. साहेब येतो म्हणाले. रस्त्याची आखणी कायम होण्याआधी ते एकदा जागा बघणारच होते.

साहेबाला वळवणं सोपं होतं, गावाला वळवणं कठीण. सर्वांत कठीण नवसीकाकू. दृष्ट काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्यांच्या मते प्रदर्शन म्हणजे गावभरच्या वाड्यांना एकाच दिवशी, मांडव घालून, पाहुणे बोलावून दृष्ट लावून घेणं. देवूकाकांनीही लाडकीला साफ नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या मांडवावर बियाण्याचा दुधी होता. लाडकीच्या आईने लग्नात एडवणच्या माहेराहून ओटीतून ते बी आणलेलं, आणि दर वर्षी एक दुधी चिंधी बांधून बियाण्याला ठेवायची तिची रीत देवूकाकांनी ती गेल्यावरही मोडली नव्हती. वाडीची दारं उघडली तर त्या दुधीवर लोकांचे डोळे पडणार, ही त्यांची धास्ती.

तर अशी ती रिकामी बाकं. लाडकी तडक घराकडे निघून गेली. परत आली ती डोक्यावर पाटी घेऊन. वांगी, मुळे, वालाच्या शेंगा, रताळी, केळीचा एक घड. दुधीला तिने हात लावला नव्हता. सगळं तिने एका बाकावर ओळीने मांडलं. आणि मग काखेतून तिने काय काढलं, तर वाडीतलं काळं मडकं. ते तिने वांग्यांच्या शेजारी बाकावर सुलटं ठेवलं, त्यात पाणी ओतलं आणि झेंडूची फुलं खोचली.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. देवूच्या पोरीने मडकं उतरवलं. बायका हातातली कामं टाकून आल्या आणि शाळेच्या अंगणाबाहेर उभ्या राहिल्या. नवसीकाकू मात्र थेट पडवीत चढल्या. लाडकीला त्यांनी आईच्या वेळच्या गोष्टींपासून सुरुवात करून भरपूर ऐकवलं. लाडकी मान खाली घालून मुळ्यांची पानं सारखी करत राहिली. बोलता बोलता नवसीकाकूंची नजर बाकावर गेली, आणि त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी एक वांगं उचलून हातात तोललं.

"ही वांगी?" त्या म्हणाल्या. "ही मांडतेस सायबापुढं? करंजवाडीत अशी वांगी व्हतात असं समजेल तो."

लाडकी म्हणाली, हायत ती अशी हायत. यापेक्षा बरी कोणाकडं असली तर माला ठावं नाय.

नवसीकाकू वळल्या आणि ताडताड घरी गेल्या. आल्या तेव्हा सून पाटी घेऊन मागे होती, आणि पाटीतली वांगी खरोखरच अशी होती की लाडकीची कोणी बघितली नसती. नवसीकाकूंनी ती मांडली हे पाहिल्यावर शेजारच्या पारूताईंना आपला मुळा आठवला. मग कोणाचे वाल, कोणाची पानवेल, कोणाचा सुरण. दृष्टीची भीती मोठी खरी, पण शेजारणीचा मुळा आपल्या मुळ्यापेक्षा मोठा ठरेल ही भीती त्याहून मोठी निघाली. दोन घटकांत बाकं अपुरी पडली. आम्ही शाळेचा फळा काढून त्यावर रताळी मांडली. कमलाकांत जणू हे सगळं आपणच घडवून आणल्यासारखा फिरत होता, आणि मला तर रडायला येईल असं वाटत होतं. एवढी वर्षं मी त्या गावात राहत होतो आणि गावात एवढं पिकतं हे मीही पहिल्यांदाच बघत होतो.

साहेब आले. बरोबर मोजणीवालेही होते. साहेब तरुण होते, सरळ माणूस. बाकांवरून नजर फिरवून ते खूश झाले आणि एका पाटीपुढे थांबून त्यांनी विचारलं, ही वांगी कोणाची?

"हायत आपली," नवसीकाकू पदर सावरत म्हणाल्या. "किडकीच हायत, सायेब. यंदा काय झालं नाय."

साहेब पुढे सरकले. मुळ्यापाशी तेच, वालापाशी तेच. यंदा काय नाय. आसंच आलंय. सोन्यासारख्या मालापुढे उभं राहून अख्खं गाव पुन्हा तेच म्हणत होतं, कारण त्याला दुसरं बोलताच येत नव्हतं. मोजणीवाला साहेबांच्या कानाशी लागला, पण आम्हाला ऐकू गेलं. माहीम-केळव्याच्या बाजारातून आणून मांडलं असेल म्हणाला. साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी लाडकीला विचारलं, हे सगळं इथलंच कशावरून?

लाडकीचं तोंड लाल झालं. तिला उत्तर द्यायचं होतं, पण उत्तर तिच्या एकटीच्या हातात नव्हतं. ती मागे, गर्दीकडे बघत राहिली.

गर्दीच्या कडेला देवूकाका उभे होते. कधी आले कोणाला ठाऊक. ते पुढे झाले, बाकावरच्या मडक्याकडे आणि त्यातल्या झेंडूकडे त्यांनी पाहिलं, मग साहेबांना म्हणाले,

"चला. बाजारात वांगी मिलतात, वेल नाय मिलत."

आणि ते चालू लागले. साहेब त्यांच्यामागे, मोजणीवाले साहेबांमागे, आणि सगळं गाव त्यांच्यामागे. वाडीच्या कुडाशी येऊन देवूकाकांनी झावळ्या उपसून बाजूला टाकल्या. त्या वाडीत परका माणूस कधी गेला नव्हता. आत मांडवाला तो दुधी लोंबत होता, हातभर लांब, देठाला चिंधी बांधलेला. देवूकाकांनी हात वर केला, आणि सरळ बोट त्या दुधीकडे केलं. मागे बायकांनी श्वास ओढून घेतलेला मला ऐकू आला.

"तवा मी खोटं बोललो, सायेब. हितं सगलं पिकतं. बघा. बोट दाखवून बघा."

साहेबांना त्या बोटाचा अर्थ कळला असेल असं नाही. पण त्यांनी दाखवलं. मग लाडकीने दाखवलं, मग आम्ही मंडळातल्यांनी. सगळ्यांत शेवटी नवसीकाकूंनी, पुटपुटत. आणि कोणीही बोट चावलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. रस्ता पुष्कळसा हलला, हे खरं. तो वरच्या खऱ्याखुऱ्या कातळावरून गेला आणि बहुतेक वाड्या वाचल्या, देवूकाकांची विहीरही वाचली. पण वळण घेताना रस्त्याला त्यांच्या वाडीचा खालचा पट्टा लागलाच, आणि दुधीचा मांडव नेमका त्या पट्ट्यात होता. शिवाय दुधी कुजला. बुडाकडून नरम पडत गेला. नवसीकाकू वाडीपाशी आल्या, त्यांनी तो बघितला, आणि त्यांच्या स्वभावात नसताना गप्प राहून परत गेल्या. देवूकाकांनी तो कापला. देठाकडच्या भागात थोडं बी धड निघालं, ते लाडकीने राखेत घोळून ठेवलं.

चैत्रात मांडव मोडायला माणसं आली. मांडव मोडून झाल्यावर त्यांच्या मुकादमाने रिवाज म्हणून विचारलं, काका, इथे काय पिकायचं?

लाडकी विहिरीपाशी रहाट थांबवून उभी होती. मी तिच्याजवळ होतो. तिने वडिलांकडे पाहिलं नाही, नुसतं कान देऊन उभी राहिली.

देवूकाका मुकादमाला घेऊन खाली बसले. हाताने माती सारखी केली आणि सांगायला लागले. वांगी. पांढरी आणि जांभळी. मुळा. वाल, पावसानंतरचे. रताळी. या बांधाला अळू. त्या कोपऱ्यात केळ, एवढा घड. प्रत्येक जागेकडे ते बोट दाखवत होते. मुकादम मान डोलावून उठायला लागला.

"थांब," देवूकाका म्हणाले. "राह्यलंय आजून."

मुकादम पुन्हा बसला. देवूकाकांनी मोडलेल्या मांडवाच्या मोकळ्या जागेकडे हात वर केला.

"हितं दुधी व्हता," ते म्हणाले. "एडवनचा."